डावीकडून अकरा अक्षरं

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली आणि हाती आला तो स्टोअरचा कोबॉलमधला जुना प्रोग्राम, म्हणून तू जरा खट्टू दिसतोस. मला मात्र बरं वाटलं. रसायनाच्या कारखान्यात कुठला ड्रम कुठल्या बॅचचा हे सांगणारी फाइल म्हणजे किरकोळ काम नव्हे. एखादी बॅच तपासणीत नापास झाली, तर तिचे सगळे ड्रम लगेच बाजूला काढावे लागतात. यादीतून एक जरी सुटला, तरी तो पुढच्या पाळीत रिॲक्टरमध्ये जाऊ शकतो.

आता तुझी अडचण. रेकॉर्ड की १४ अक्षरांची: माल-कोड ५, बॅच ६, ड्रम क्रमांक ३. तू माल आणि बॅच भरतोस, ड्रमची जागा मोकळी सोडून 'रीड' करतोस आणि फाइल स्टेटस २३ येतो. येणारच. नुसत्या 'रीड'ला पूर्ण की लागते आणि मोकळ्या क्रमांकाचा ड्रम फाइलमध्ये नाहीच. इथे वैतागून पुष्कळ जण फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात आणि 'इफ' लावून गाळत बसतात. उत्तर बरोबर येतं, पण हाताशी इंडेक्स असून तो वाया जातो. तू तसं करू नकोस.

अपुऱ्या कीसाठी 'स्टार्ट' आहे, १९७४ च्या प्रमाणित कोबॉलपासून. माल-कोड आणि बॅच एका गटाखाली घे, त्याला माल-बॅच असं नाव दे आणि तो गट रेकॉर्ड कीच्या अगदी सुरुवातीला ठेव. मग 'स्टार्ट ड्रम-फाइल की इज इक्वल टू माल-बॅच' असं लिहिलंस, तर तुलना पहिल्या ११ अक्षरांपुरतीच होते. फाइल इनपुट किंवा आय-ओ म्हणून उघडलेली हवी आणि ॲक्सेस मोड डायनॅमिक. एक मात्र पक्कं लक्षात ठेव: स्टार्ट रेकॉर्ड वाचत नाही, फक्त जागा धरतो. वाचायचं 'रीड नेक्स्ट'ने. 'नेक्स्ट' राहिलं तर तो पुन्हा पूर्ण कीचा रीड होतो आणि तुझा २३ परत हजर.

आणि थांबायचं कुठे, हे कोबॉल सांगत नाही. बॅच संपली तरी रीड नेक्स्ट बिनतक्रार पुढच्या बॅचचा ड्रम हातात ठेवतो. ते ओळखणं तुझं काम. हवी ती माल-बॅच आधी वर्किंग-स्टोरेजमध्ये वेगळी लिहून ठेव आणि प्रत्येक रेकॉर्ड तिच्याशी ताडून बघ. रेकॉर्डमधल्याच फील्डवर विसंबू नकोस. प्रत्येक रीडबरोबर तिथे नव्या रेकॉर्डची की येते, मग तू तिची तुलना तिच्याशीच करत राहशील आणि लूप फाइलच्या टोकापर्यंत धावेल. बॅच फाइलमधली शेवटचीच असेल तर थांबा वेगळा, 'ॲट एंड', स्टेटस १०. दोन्ही लिही.

तुमच्या जुन्या प्रोग्राममध्ये 'नॉट लेस दॅन' आणि पूर्ण की वापरलेली आहे, असं तू लिहिलंस. चालतं, पण तिथे डोळ्यांत तेल घालून बघ. ड्रमच्या जागेत मागच्या चौकशीचा ०४७ तसाच उरला असेल, तर वाचन ४७ व्या ड्रमपासून सुरू होईल. आधीचे ४६ गायब, आणि चूक दाखवणारा एकही स्टेटस नाही. यादी दिसायला अगदी व्यवस्थित! अशी चूक मला सगळ्यात जास्त भीतिदायक वाटते. शिवाय मागितलेली बॅच फाइलमध्ये नसली तरी हा स्टार्ट यशस्वी होतो आणि पुढच्या बॅचवर उभा राहतो, म्हणून पहिला रेकॉर्डही ताडल्याशिवाय छापायचा नाही.

तुझा दुसरा प्रश्न, नुसत्या बॅचवरून शोधता येईल का. या कीवरून नाही. शब्दकोशात 'पाण'ने सुरू होणारे पाणथळ, पाणवठा, पाणी एकाच ठिकाणी सापडतात. पण 'पणा'ने संपणारे शब्द हवे असतील तर सगळा कोश चाळावा लागतो. इंडेक्सचंही तसंच, अपुरी की डावीकडूनच चालते. म्हणून कीमध्ये कुठला भाग आधी येणार हे टेबलावर बसून ठरवू नये. गोडाउनमध्ये जाऊन उभा राहा, स्टोअरवाल्यांना दिवसभरात कोण काय विचारतं ते ऐक. पुरवठादाराच्या बॅच नंबरवरून वारंवार विचारणा होत असेल, तर त्या फील्डवर 'ऑल्टरनेट रेकॉर्ड की विथ डुप्लिकेट्स' मागून घे. त्या कीवर स्टार्ट केलास, तर पुढचे रीड नेक्स्टही तिच्याच क्रमाने येतात. मात्र फाइल त्यासाठी नव्याने बांधावी लागेल आणि प्रत्येक नव्या नोंदीला दोन इंडेक्स सांभाळावे लागतील. साहेबांना हे आधीच सांग.

चाचणीसाठी एकाच ड्रमची बॅच घे, फाइलमध्ये नसलेली घे, अगदी शेवटची घे. आणि एक मोठी बॅच लागोपाठ दोनदा विचारून बघ. दोन्ही याद्या छापून गोडाउनमधल्या ड्रमांशी स्वतः ताडून पाहा, आणि काय निघालं ते मला कळव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा