मानवतावाद आणि धर्म

राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत समाविष्ट झाली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या जोडीने मानवतावादाचाही उल्लेख आहे. हा शब्द पुष्कळांना धर्मविरोधी वाटतो, तर काहींना त्यात केवळ भूतदया दिसते. दोन्ही समज अपुरे आहेत. रूढी, ग्रंथवचन वा संस्था माणसाच्या प्रतिष्ठेला पोषक आहे की मारक, हे तपासून मगच ती स्वीकारणे, हे मानवतावादाचे मर्म होय.

महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. जोतीराव नास्तिक नव्हते. सृष्टीच्या कर्त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत. १८७३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाला निर्मिक मान्य होता; त्याच्या आणि माणसाच्या मध्ये उभा राहणारा मध्यस्थ तेवढा अमान्य होता. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे, मग पाण्यावर हक्क काहींचाच कसा? जोतीरावांची समता अशी श्रद्धेतूनच उपजली होती.

मानवेंद्रनाथ रॉय यांची वाट निराळी. ईश्वराचा आधार न घेता, विवेक आणि स्वातंत्र्य यांवर त्यांनी नवमानवतावाद उभारला. प्राचीन शास्त्रांत पारंगत असलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचे सहकारी होते, हे विसरता येत नाही.

घटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. अनुच्छेद १५ मात्र सार्वजनिक विहिरी व तलावांच्या वापरास केवळ धर्म वा जातीच्या कारणावरून मज्जाव करू देत नाही. पाणवठ्याची तक्रार ग्रामपंचायतीपुढे येते, तेव्हा हे दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचावे लागतात.