टोमॅटो लावणाऱ्या भाचीस

चि. ऋतुजा हिस,


बाल्कनीत टोमॅटो लावायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. जुलैत तू घाई करत होतीस तेव्हा मी थांबवलं, त्याचं कारण आता सविस्तर लिहिते. भाव शंभरीपार गेले की शहरात सगळ्यांनाच कुंडीत टोमॅटो लावावासा वाटतो. २०२३ च्या जुलैत तेच झालं. पण भर पावसात पानं दिवसदिवस ओली राहतात आणि करपा धरतो. उन्हाळ्यात निराळीच अडचण असते. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं येतात, पण फळ धरत नाही. देठापाशी पिवळी पडून ती गळून जातात. तेव्हा सप्टेंबरअखेर बी टाक. दिवाळीच्या सुमारास रोपं कुंडीत जातील आणि संक्रांतीच्या आगेमागे पहिला तोडा होईल.

बी सरळ वाणाचं घे. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे वाण चांगले आहेत. इथे नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या क्रेट उतरतात ते बहुतेक संकरित वाण. शेतकऱ्याला ते परवडतात, पण त्यांच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही. तुला बी घरचं धरता यावं असं मला वाटतं.

ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत घालून बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल टाक. आठवडाभरात उगवेल. कोंब वर आले की त्याच दिवसापासून ट्रे उजेडात हवा, नाहीतर रोपं उंच आणि लुकडी होतात. पाणी बेताचंच दे. अती पाण्याने रोप कोलमडतं: मातीच्या पातळीवर खोड दोऱ्यासारखं बारीक होतं आणि वरचा हिरवागार शेंडा आडवा पडतो. असं एक रोप दिसलं तर ते लगेच काढून टाक आणि बाकीच्यांचं पाणी आवर.

पंचवीस-तीस दिवसांत चार-सहा खरी पानं येतात, तेव्हा लावणी कर. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडी जास्त वेळ उन्हात ठेव आणि पाण्याला हात आखडता घे, म्हणजे ती कणखर होतात. लावताना खालची पानं खुडून खोड खोलवर गाड. टोमॅटोच्या खोडावर बारीक पांढरट पुटकुळ्या असतात, बोटाला खरखरीत लागतात. मातीत गेल्या की त्यांतूनच मुळं फुटतात. कुंडी बारा ते पंधरा इंच खोल हवी. एका कुंडीत एकच रोप लाव, मोह आवर. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट यांत मूठभर निंबोळी पेंड मिसळ. काठी लावणीच्या दिवशीच रोव. नंतर रोवलीस तर मुळं दुखावतात. सुतळी सैल बांध. ऊन रोज निदान सहा तास हवं. तुझ्या बाल्कनीच्या ज्या कोपऱ्यात तेवढं येत नाही, तिथे टोमॅटोऐवजी पुदिना लाव.

आता पाणी. सगळ्यात जास्त झाडं इथेच बिघडतात, म्हणून हे नीट वाच. बोटाचं एक पेर मातीत घाल. कोरडं लागलं तर भरपूर पाणी घाल, ओलं लागलं तर राहू दे. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर असं कधीही करू नकोस. त्याने फळं तडकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोक त्याला रोग समजून फवारे मारतात, नाहीतर अंड्याची टरफलं घालतात. टरफलं विरघळायला महिनोन् महिने लागतात. मातीत कॅल्शियम बहुधा असतंच, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं. पाणी तुटलं की तेही तुटतं. तू फक्त पाण्याची पाळी सांभाळ. वर वाळक्या पानांचं आच्छादन घातलंस तर ओल टिकेल.

खताचा लाडही नको. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार माजतं आणि फुलायचं विसरतं. कळ्या दिसेपर्यंत सुरुवातीचं खत पुरतं, नंतर दर पंधरवड्याला गांडूळखताची मूठ बास.

फुलं आली की ती जवळून बघ. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध एक सुळका असतो आणि पराग त्याच्या आत असतो. वाऱ्याच्या हेलकाव्याने तो सांडतो आणि त्याच फुलात फळ धरतं. रानातली निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. साध्या मधमाशीला ती कला नाही. तुझ्या चौथ्या मजल्यावर जाळी लावलेली आहे. तेव्हा सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या देठाला तूच हलकी टिचकी मार.

रोज सकाळी पानं उलटून बघायची सवय लाव. पांढरी माशी खालच्याच बाजूला बसते. तिच्यामुळे बोकड्या येतो: पानं वरच्या बाजूला वळतात, आखडतात, झाड खुरटतं. हा विषाणू आहे, त्याला औषध नाही. तसं झाड पिशवीत घालून फेकून दे. जीव तुटेल, पण शेजारची झाडं वाचतील. माशी दिसताच पिवळा चिकट सापळा टांग आणि लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल व साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवार. पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा आणि चट्टे दिसले तर ती नागअळी. महाराष्ट्रात ती २०१४ साली पहिल्यांदा आढळली आणि आता सगळीकडे आहे. अशी पानं तोडून नष्ट कर.

दसऱ्याला नर्सरीतून झेंडूचं एक मोठं रोपही आण. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांवर ओढला जातो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांना हेच सांगितलंय: टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ, आणि झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपाहून वीसेक दिवस मोठं, म्हणजे दोन्ही एकदम फुलतात. तुझ्या चार कुंड्यांना एक झेंडू पुष्कळ झाला.

फळाच्या बुडाशी गुलाबी छटा आली की तोडलंस तरी ते घरात छान पिकेल. झाडावरच लाल होऊ दिलंस तर चव अधिक चांगली. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नकोस, गारठ्याने वास आणि चव दोन्ही जातात. सगळ्यात निरोगी झाडावरचं एक फळ बियाण्यासाठी राख आणि पूर्ण पिकू दे. बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू दे, म्हणजे बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटेल. मग धुऊन सावलीत वाळव आणि कागदाच्या पाकिटात भरून त्यावर वाणाचं नाव व साल लिही. त्यातलं थोडं मलाही पाठव.

तुझी,
मावशी