गर्भातील लेकरू आणि मंडळीचे दार

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय ३८, मत्तय १:१-३, लूक १:३९-४५.

ताडकळस व पूर्णा तालुक्यातील इतर खेड्यांच्या मंडळ्यांत उपदेशक बंधूंनी हा पाठ तरुणांच्या सभेत शिकवावा, आणि त्याहून अधिक अगत्याने आईबापांच्या सभेत शिकवावा, ह्या हेतूने आम्ही तो लिहीत आहो. विषय लाजेचा म्हणून पुष्कळ ठिकाणी तो टाळला जातो. परंतु जे उपासनेत व घरात बोलले जात नाही, ते मुले पांदीत, जत्रेत आणि हल्ली मोबाइलवर शिकतात. तेव्हा त्यांचा शिक्षक कोण असावा हे आपणच ठरविले पाहिजे.

१. यहूदा आणि तामार

तामार ही यहूदाची विधवा सून. आपला धाकटा पुत्र शेला तुला देईन, असे वचन यहूदाने तिला दिले, पण ते पाळले नाही. पुढे तिने वेश पालटला आणि तिला न ओळखता तो तिजपाशी गेला. तीन महिन्यांनी सून गरोदर आहे असे त्याच्या कानी आले, तेव्हा त्याने चौकशी न करिता तिला बाहेर काढून जाळण्यास सांगितले. तामारेने त्याचीच मुद्रा, गोफ व काठी त्याजकडे पाठविली. ती पाहून त्याने कबूल केले की, माझ्यापेक्षा ही अधिक नीतिमान आहे. आणि पुन्हा तो तिजपाशी गेला नाही.

येथे तीन गोष्टी ध्यानात आणाव्या. पहिली, पाप दोघांचे असता शिक्षा एकटीलाच ठरली होती. दुसरी, यहूदाची आज्ञा अंमलात आली असती तर तामारेबरोबर तिच्या उदरातील जुळी लेकरेही मेली असती. परंतु त्यांतील पेरेस ह्याचे नाव मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत लिहिले आहे. लेकरू कसे गर्भात आले यावरून देव त्याचे मोल ठरवीत नाही. तिसरी, यहूदाचा पश्चात्ताप नुसता तोंडचा नव्हता. त्याने ते कर्म सोडले.

२. गर्भातील जीव कोणाचा?

स्तोत्रकर्ता १३९ व्या स्तोत्रात सांगतो की, आईच्या उदरात त्याची घडण देवाने केली. यिर्मयाला गर्भात घडण्यापूर्वीच देव ओळखीत होता. मरीयेची वाणी ऐकताच अलीशिबेच्या उदरातील बालकाने उडी मारिली. ह्या साक्षींवरून आम्ही असे मानितो की, गर्भातील जीव हा देवाने सोपविलेला ठेवा आहे. तो लाजेपायी किंवा सोयीसाठी नाहीसा करणे योग्य नव्हे. आईचा प्राण संकटात असेल तेव्हा डॉक्टरांनी तिला वाचवावे, आणि अशा दुःखी बाईला मंडळीत कोणी टोचून बोलू नये.

३. महाराष्ट्रातील एक साक्ष

पुण्यात एका ब्राह्मण कुटुंबात स्वयंपाक करणारी एक तरुण विधवा फसविली गेली. तिने लोकलज्जेने आपले मूल मारिले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसविणारा पुरुष मात्र मोकळाच राहिला. ही हकीकत जोतीराव फुले यांनी १८८४ साली लिहून ठेविली आहे. त्यांनी व सावित्रीबाईंनी नुसते हळहळून न राहता १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी व्यवस्था होती. तेथे जन्मलेल्या यशवंताला ह्या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची सेवा केली.

जोतीराव हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते, परंतु ख्रिस्ती झाले नव्हते. तरी जे काम मंडळीने करावयाचे ते त्यांनी केले, हे आपण नम्रपणे मान्य करावे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात कृपासदन उघडले आणि ज्यांना समाजाने टाकिले होते अशा स्त्रियांना तेथे आसरा दिला.

४. आपल्या भागाची गोष्ट

पाप केवळ अविवाहितांच्या घरी असते असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली महाराष्ट्रात ८९४ आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७ होत्या. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्र सरकारने १९९४ साली कायदा केला, तरी २०१२ साली परळी वैजनाथ येथे अशाच गर्भपातात एक विवाहित स्त्री मरण पावली. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणारी ही घरे लग्नाची, प्रतिष्ठेची घरे होत.

दुसरी गोष्ट बालविवाहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ४८ जणींचे लग्न १८ वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. आईबाप ऊसतोडीला जातात आणि मागे तरुण मुलगी एकटी राहते. तिचे काही वाईट होऊ नये म्हणून ते तिचे हात पिवळे करितात. त्यांची भीती आम्हांस समजते. परंतु कोवळ्या मुलीला बाळंतपणाच्या संकटात लोटणे म्हणजे तिची शुद्धता राखणे नव्हे. आणि कायद्यानेही तो अपराध आहे.

५. शुद्धता कशी शिकवावी?

प्रथम मुलांना शिकवावी. पोटीफराच्या घरी योसेफ मोहापुढे वाद घालीत बसला नाही, वस्त्र टाकून पळाला. विवाहापर्यंत देह आवरून धरणे ही मुलीइतकीच मुलाचीही आज्ञा आहे. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, तेव्हा तो पुरुषांना वगळीत नाही.

नुसता धाक पुरत नाही. वयात येताना शरीरात काय पालट होतो आणि गर्भ कसा राहतो हे मुलीला आईने किंवा नर्सबाईने, मुलाला बापाने किंवा उपदेशकाने स्वच्छ शब्दांत सांगावे. आणि जिच्यावर बळजोरी झाली तिचे काहीही पाप नाही, हे प्रत्येक मुलीच्या कानावर आधीच घालावे. नाही तर ती भिऊन गप्प राहील.

६. मुलगी दारी आली तर

तिला मारू नये, कोंडू नये. वैदूचे औषध किंवा दुकानातून गुपचूप आणिलेल्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी आईचाही जीव जातो. सरकारी दवाखान्यात न्यावे. ती १८ वर्षांच्या आतील असेल तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन आहे.

१९७१ चा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीसह, ठरावीक कारणांसाठी व ठरावीक मुदतीत गर्भपाताची परवानगी देतो. त्या बाबतीत मुलीवर कोणीही सक्ती करू नये. आम्ही तिला लेकरू राखण्याची विनंती करू. पण नऊ महिने तिचा घास, तिचा दवाखाना व तिची अब्रू ज्यांनी आपल्या अंगावर घेतली, त्यांनाच ती विनंती शोभेल. मूल सांभाळणे तिला शक्य नसेल तर २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे सोपविता येते. फेरविचारास ६० दिवस मिळतात. पुढे ते लेकरू दत्तक जाऊ शकते.

मंडळीने चहाडी केली, पंगतीतून उठविले, तर भ्यालेली मुलगी वैदूकडेच जाईल. मग त्या लेकराच्या रक्ताचा झाडा केवळ तिजकडूनच घेतला जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

विचारण्याचे प्रश्न

१. तामारेला शिक्षा फर्माविताना यहूदा काय विसरला होता?
२. आपल्या गावात अशा प्रसंगी मुलाला कोण जाब विचारितो?
३. आपल्या मंडळीतील कोणते घर अशा मुलीला नऊ महिने ठेवून घेईल? ते आजच ठरवावे.

प्रार्थनेचा विषय : वयात येणारी मुले व मुली, ऊसतोडीला गेलेल्यांची घरे, आणि ज्यांचा जन्म अजून व्हावयाचा आहे ती लेकरे.