आर्क्टिकचा हंगाम हुकला, तर खर्च किती?

एकट्याने शिडाची बोट घेऊन आर्क्टिकला जायचं मनात आलं की पहिली चौकशी बोटीच्या किमतीची होते. पण या सफरींची अंदाजपत्रकं मोडतात ती हुकलेल्या हंगामामुळे. ग्रीनलंडहून निघून कॅनडाच्या उत्तर बेटांमधून अलास्काला नेणारा नॉर्थवेस्ट पॅसेज छोट्या बोटींना साधारण जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. त्यातही पील साउंड आणि फ्रँकलिन सामुद्रधुनी हा मधला पट्टा कधी ऑगस्टच्या शेवटी मोकळा होतो, तर कधी होतच नाही. २०१८ मध्ये तिथला बर्फ हललाच नाही. अनेक बोटी माघारी फिरल्या. ‘अनाहिता’ नावाची बोट बेलो सामुद्रधुनीजवळ बर्फात सापडून बुडाली आणि तिच्यावरच्या दोघांना कोस्ट गार्डने हेलिकॉप्टरने उचललं. २०२० आणि २०२१ मध्ये कॅनडाने कोविडमुळे आपल्या आर्क्टिक पाण्यात हौशी बोटींना बंदीच घातली. ज्यांच्या बोटी सज्ज होत्या, त्यांना दोन हिवाळे थांबावं लागलं.

बर्फ आणि सरकार सोडून द्या. गिअरबॉक्सचा सुटा भाग तीन आठवडे उशिरा आला, व्हिसाची तारीख मिळाली नाही, घरी कोणी आजारी पडलं, एवढ्यानेही वर्ष जातं. एरवी महिनाभर उशीर म्हणजे महिनाभराचाच उशीर. इथे महिना गेला की पुढचा जुलै. म्हणून एक हंगाम वाया जाणार असं धरूनच हिशेब मांडा, असा माझा आग्रह आहे. त्या हिवाळ्याचे पैसे निघण्याआधी बँकेत वेगळे ठेवा आणि बोटीच्या खरेदीत ते ओढू नका.

खाली एक युरो म्हणजे १०० रुपये धरला आहे. आकडे उत्तर युरोपातल्या साध्या, जुन्या, दहा मीटरच्या बोटीसाठीचे अंदाज आहेत. प्रत्यक्ष दर बोटी दुरुस्त करणाऱ्या आणि ठेवणाऱ्या यार्डाकडून लेखी मागवा.

बोट आणि एकटेपणाची किंमत

दहा मीटरची, मजबूत बांध्याची, वीस-तीस वर्षांची फायबर किंवा पोलादी बोट २० ते ३५ हजार युरोंत मिळते, म्हणजे २० ते ३५ लाख रुपयांत. लहान बोटही चालते. अमेरिकेच्या मॅट रदरफर्डने २०११-१२ मध्ये अवघ्या २७ फुटी ‘अल्बिन वेगा’तून नॉर्थवेस्ट पॅसेजसह दोन्ही अमेरिका खंडांना एकट्याने फेरी मारली, ३०९ दिवस कुठेही न थांबता. बोटीवर कमी खर्च करून उरलेलं सामानावर आणि राखीव रकमेवर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सामानाचा खर्च मात्र आखडता येत नाही. वाऱ्याच्या दिशेवर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र ४ ते ६ हजार युरो. डिझेलवर थेंबथेंब जळणारी शेगडी बसवून दीड ते दोन हजार. रडार, जवळची जहाजं दाखवणारं एआयएस, जीवरक्षक तराफा, बुडताना संदेश पाठवणारा बीकन, थंड पाण्यात तगवणारा पोशाख आणि इरिडियम फोन मिळून आणखी ८ ते १० हजार. उपग्रह फोन इरिडियमचाच घ्या, कारण विषुववृत्तावर स्थिर असलेल्या उपग्रहांवरची सेवा फार उत्तरेला क्षितिजाआड जाते. बर्फ ढकलायला दोन लांब, जाड काठ्याही हव्यात. त्या स्वस्त आहेत आणि रोज लागतात.

एकटं जाणं स्वस्त पडतं हा समज सोडून द्यायला हवा. पाण्यावर जेमतेम डोकं काढणारे बर्फाचे छोटे तुकडे रडारला दिसत नाहीत, त्यामुळे बर्फात यंत्राच्या भरवशावर झोपता येत नाही. प्रत्येक झोपेसाठी आडोसा शोधून नांगर टाकावा लागतो. जिथे दोघे पाळी लावून चार दिवसांत पोचतात, तिथे एकट्याला सहा-सात दिवस लागतात. शिधा, डिझेल आणि हंगामाचे दिवस, तिन्ही जास्त खर्च होतात. ऑगस्ट सरू लागला की रात्रीही काळ्या होऊ लागतात, मग एकट्याची चाल आणखी मंदावते. अवघड टप्प्यापुरता सोबती घेण्याचा पर्याय आहे, पण वाटेवरच्या गावांपर्यंतचं विमानभाडं हजारो डॉलरच्या घरात जातं.

डिझेलचा हिशेब सोपा आहे. ग्रीनलंडमधलं नुक ते अलास्कातलं नोम हे अंतर ३,००० सागरी मैलांच्या आसपास धरा. वारा पडलेला किंवा समोरचा असतो, म्हणून निम्मं अंतर इंजिनावर जातं. पाच नॉटने ३०० तास, तासाला अडीच लिटर, म्हणजे ७५० लिटर. शेगडीचं वेगळं, दिवसाला तीन ते सहा लिटर. वाटेत कॅनडातल्या पाँड इनलेट, केंब्रिज बे, टक्टोयाक्टक इथे इंधन मिळतं. मात्र पाँड इनलेट आणि केंब्रिज बेमध्ये सगळा माल वर्षातून मोजक्या फेऱ्यांच्या जहाजाने किंवा विमानाने येतो, त्यामुळे खाण्याच्या वस्तू दक्षिण कॅनडाच्या कितीतरी पट महाग असतात. तांदूळ, डाळ, कणीक, तेल, मसाले युरोपातूनच भरून न्या, आणि ते ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट मोजा.

थांबलेल्या हिवाळ्याचं बिल

समजा जुलै गेला आणि बोट यार्डात काढून ठेवायची आहे. क्रेनने वर घेणं आणि पुन्हा पाण्यात सोडणं मिळून ४०० ते ८०० युरो. नऊ महिन्यांचं जागाभाडं १,४०० ते २,७००. इंजिन आणि पाण्याच्या नळ्या हिवाळ्यासाठी रिकाम्या करून गोठणरोधक भरणं २०० ते ३००. तळाचा रंग आणि गंज रोखणारे झिंकचे तुकडे ४०० ते ६००. विमा ४०० ते ८००. घरी जाऊन परत येण्याचं तिकीट ६०० ते ९००. थांबण्यात तराफ्याच्या तपासणीची मुदत येऊन ठेपली तर आणखी ५०० ते ८००. बेरीज ४ ते ७ हजार युरो, म्हणजे ४ ते ७ लाख रुपये. यात तुमचं राहणं-जेवण नाही.

ग्रीनलंडमध्ये हेच आकडे वर सरकतात. आसियातच्या यार्डात हिवाळ्यासाठी बोटी ठेवतात, पण जागा थोड्या आहेत. जागा मिळाली तर पुढच्या वर्षी बर्फाच्या दारातूनच सुरुवात करता येते, आणि अटलांटिक ओलांडण्याचे तीन-चार आठवडे वाचतात. पण तिथे नऊ महिने बोटीकडे बघणारं तुमचं कोणी नसतं. अर्धवट उतरलेली लेड बॅटरी कडक थंडीत गोठून फुटते, राहिलेल्या पाण्याने पंप तडकतो, आणि त्याचा सुटा भाग जूनमध्ये मागवावा लागला की पुन्हा उशीर. पहिल्यांदा थांबायची वेळ आली तर बोट स्कॉटलंड किंवा नॉर्वेत ठेवावी, असं मला वाटतं. तिथे कारागीर मिळतात, आणि मुख्य म्हणजे तुम्हालाही काम मिळण्याची शक्यता असते.

दोन हंगामांमधलं काम

कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून जाळी विणणं आणि इंजिनं उघडणं चालतं. आर्क्टिकला जाणाऱ्या माणसाची ही बंदी नऊ-दहा महिन्यांची आहे, आणि बोटीच्या डागडुजीबरोबर पुढच्या वर्षाचा शिधाही त्यातच कमवावा लागतो.

यात कमीपणा काही नाही. मुंबईत सागवानात बांधून १९६४ मध्ये पाण्यात सोडलेली ‘सुहेली’ घेऊन ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन लंडनला निघाले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेला पोचेपर्यंत पैसे संपले होते. तिथे थांबून काम केलं, पैसे जमवले आणि मगच पुढची वाट धरली. त्याच बोटीतून १९६८-६९ मध्ये त्यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले. १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ते ‘सुहेली’ने ग्रीनलंडलाही गेले. उलट नॉर्वेच्या ॲमंडसेन या शोधप्रवाशाकडे पाहा. १९०३ च्या जूनमध्ये सावकार जहाज जप्त करतील या भीतीने ते ‘योआ’ घेऊन रात्रीच निसटले. नॉर्थवेस्ट पॅसेज पहिल्यांदा पार झाला खरा, पण त्याला १९०६ उजाडलं. आज कर्जाचा हप्ता दर महिन्याला खात्यातून आपोआप वळता होतो, तुम्ही बर्फात असलात तरी. कर्ज काढून या सफरीला जाऊ नका.

कामांत सगळ्यात सोयीचं मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे: मर्चंट नेव्हीचं कंत्राट. अधिकाऱ्यांची कंत्राटं बहुधा चार ते सहा महिन्यांची असतात. ऑक्टोबरमध्ये जहाज धरलं तर मार्च-एप्रिलमध्ये सुटका. अडचण सुटकेच्या तारखेची आहे. बदली माणूस आला नाही की महिना-दीड महिना सहज लांबतो, आणि मेमध्ये बोटीवर हजर राहायचं असेल तर तेवढ्यानेच हंगाम जाऊ शकतो. कंत्राट संपण्याची तारीख आणि बोटीवर जाण्याची तारीख यांत दोन महिने मोकळे ठेवा. शिवाय कंत्राट नसलेल्या वर्षात करासाठी निवासी-अनिवासी ठरवायचे दिवस वेगळे मोजले जाऊ शकतात. सनदी लेखापालाला तारखा दाखवून मगच बेत पक्का करा.

दुसरा मार्ग दक्षिणेचा आहे. अंटार्क्टिकाच्या पर्यटक जहाजांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आर्क्टिकच्या बरोबर उलटा. बर्फात रबरी बोट हाकता येणारे आणि एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण नियमांखालची सुरक्षा प्रमाणपत्रं असणारे लोक त्यांना लागतात. ओळखीशिवाय पहिली संधी मिळणं कठीण, पण एकदा मिळाली की पैसे आणि बर्फाचा सराव दोन्ही एकत्र होतात. बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवण्याचं काम दिवसाच्या मजुरीवर मिळतं. त्यासाठी व्यावसायिक मान्यता असलेलं यॉटमास्टर प्रमाणपत्र बहुतेक मालक मागतात.

यार्डातलं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये २१ आणि त्याहून जास्त वर्षांच्यांसाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्या दराने आठवड्याला चाळीस तास धरले तर कर कापण्याआधी ४८८ पौंड. त्यातून भाडं आणि जेवण जाऊन थोडंच उरतं, पण काही यार्ड कामगारांना जागाभाड्यात सवलत देतात, आणि दुसऱ्याच्या बोटीवर डोलकाठीच्या तारा बदलायला शिकलेला माणूस स्वतःच्या बोटीवरचं मजुरीचं बिल वाचवतो. अर्थात, ब्रिटनमध्ये कामाचा हक्क असेल तरच. पर्यटक व्हिसावर रंगाचा ब्रशही मजुरीने धरता येत नाही.

इथे नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहाचा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९२० च्या करारामुळे तिथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही, भारतीयांनाही नाही. कर मुख्य नॉर्वेपेक्षा बराच कमी आहे. पण घरं फार थोडी, म्हणून नोकरीबरोबर खोली मिळत असेल तरच होकार द्या. स्वतःचा खर्च भागवता न येणाऱ्याला तिथले गव्हर्नर परत पाठवू शकतात. आणि तिथे जाणारी विमानं नॉर्वेमार्गे जातात, म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्या.

व्हिसा, विमा, परवाने

शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. नॉर्वेत सुटे भाग येण्याची वाट पाहताना हे दिवस संपतात आणि दुरुस्त झालेली बोट सोडून परतावं लागतं. ग्रीनलंड शेंगेनमध्ये नाही, त्याचा उल्लेख व्हिसावर वेगळा असावा लागतो. कॅनडा आणि अमेरिका दोन्हींचे व्हिसा आधी हातात हवेत, कारण वाट अलास्कात संपते. बोटीचीही मुदत असते. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या मालकाची बोट संघात व्हॅट न भरता १८ महिने राहू शकते. दोन हिवाळे थांबलात तर ही मुदत ओलांडली जाऊ शकते, म्हणून कस्टम्सकडची प्रवेशाची तारीख लेखी जपून ठेवा.

विम्याबद्दल स्पष्ट विचारा. बऱ्याच पॉलिसी ठरावीक अक्षांशापलीकडे लागू होत नाहीत, आणि एकट्याच्या लांब सफरीला अनेक कंपन्या नकार देतात. निदान दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा तरी हवाच, त्याशिवाय कित्येक बंदरं आत घेत नाहीत. स्वालबार्डच्या दुर्गम भागात जायला शोध आणि बचावाच्या खर्चाचा विमा किंवा बँक हमी सक्तीची आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित क्षेत्रांत ठरलेल्या ४३ जागांवरच उतरता येतं. आर्क्टिकमधल्या जहाजांची नोंद ठेवणारी कॅनडाची ‘नॉर्डरेग’ यंत्रणा ३०० टनांखालच्या बोटींना सक्तीची नाही, पण तुम्ही रोज ठावठिकाणा कळवाच. कॅनडाचे बर्फाचे नकाशेही फुकट मिळतात.

पहिल्या वर्षी नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन हा साधारण ५०० ते ६०० सागरी मैलांचा टप्पा करून पाहा, असं मी सुचवेन. कोमट प्रवाहामुळे स्वालबार्डचा पश्चिम किनारा उन्हाळ्यात बहुधा मोकळा असतो, आणि उशीर झाला तरी ऑगस्टमध्ये निघून परतता येतं.

नॉर्थवेस्ट पॅसेजसाठी मात्र दोन तारखा आधीच कागदावर लिहून घरच्यांकडे द्या. जूनअखेर बोट अटलांटिक ओलांडायला तयार नसेल, तर त्या वर्षीचा बेत रद्द. आणि ऑगस्टअखेर मधला बर्फ पार झाला नसेल, तर ग्रीनलंडकडे माघार, कारण नोमला पोचेपर्यंत बेरिंग समुद्रात शरदाची वादळं सुरू झालेली असतात. माघारीसाठी ग्रीनलंडमधली यार्डाची जागा फेब्रुवारीतच विचारून ठेवा. आगाऊ रक्कम भरावी लागली आणि जागा वापरली नाही, तर ती रक्कम बुडेल. ती भरताना हात आखडता घेऊ नका.