टोपलीची राखण

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे एक शहर आहे. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यात तेथील एका लहानशा शिक्षणसंस्थेत जेम्स नाइस्मिथ नावाचे तरुण शिक्षक विवंचनेत पडले होते. बाहेर कडाक्याची थंडी होती, मैदानी खेळ बंद पडले होते आणि घरातल्या घरात त्याच त्या कवायती करून विद्यार्थी कंटाळून गेले होते. थोड्या जागेत खेळता येईल, अंगाला व्यायाम देईल, परंतु धसमुसळेपणास वाव देणार नाही, असा एखादा खेळ शोधून काढण्याचे काम नाइस्मिथ ह्यांच्यावर सोपविण्यात आले होते. त्यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या मिळविल्या आणि व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर त्या ठोकल्या. मग अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडून त्यांनी तेरा नियम लिहून काढले. बास्केटबॉल ह्या खेळाचा जन्म हा असा झाला.

त्या तेरा नियमांपैकी एक नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रतिस्पर्ध्याला खांद्याने रेटू नये, धरू नये, ढकलू नये, पाय घालून पाडू नये आणि मारू नये, असे त्या नियमाने बजावले होते. हुतूतूमध्ये चढाई करून आलेल्या गड्याला साखळी धरून पकडता येते. बास्केटबॉलमध्ये मात्र समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या गड्याला धरून ठेवण्याची सोय नाही. मग आपल्या टोपलीची राखण करावयाची कशी? हात असून नसल्यासारखे, आणि तरीही शत्रूला वाट द्यावयाची नाही, अशी ही पहारेकऱ्याची अवघड कामगिरी आहे. ती पायांनी, डोळ्यांनी आणि बुद्धीनेच पार पाडावी लागते.

नाइस्मिथ ह्यांचा खेळ पुढे जगभर पसरला. अमेरिकेत तर मोठमोठ्या विद्यापीठांचे सामने पाहण्यास हजारो प्रेक्षक जमतात. तथापि हा खेळ एका लहान संस्थेत जन्मला आणि लहान संस्थांनी त्याला कधी अंतर दिले नाही. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थांचे तीन विभाग आहेत. त्यांपैकी तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक महाविद्यालये मोडतात. ह्या विभागात केवळ खेळातील नैपुण्यासाठी कोणालाही शिष्यवृत्ती दिली जात नाही. दुपारी प्रयोगशाळेत काम करणारा विद्यार्थीच सायंकाळी संघाचा गणवेश चढवून मैदानात उतरतो. पैसा नाही, वृत्तपत्रांत छायाचित्र नाही. आहे ती केवळ खेळाची आवड.

अशा महाविद्यालयाचे क्रीडागृह फार मोठे नसते. हिवाळ्यातील सायंकाळी तेथील बाकांवर काही विद्यार्थी, दोनचार प्राध्यापक, खेळाडूंचे आईबाप आणि गावातील काही मंडळी येऊन बसतात. ह्या मंडळींत एखादा वृद्ध गृहस्थ हटकून असतोच. संघ जिंको वा हरो, त्याची जागा रिकामी राहत नाही. तरुणपणी त्याची नजर चेंडूच्या मागे धावत असे. चेंडू टोपलीत पडला की तो टाळ्या पिटी. परंतु वर्षानुवर्षे पराभव पाहून पाहून त्याला एक गोष्ट उमगलेली असते. आपला संघ हरतो तो बहुधा आपल्या गड्यांना टोपली साधता येत नाही म्हणून नव्हे, तर समोरच्यांना ती फार सहज साधू दिली जाते म्हणून. तेव्हापासून तो चेंडू सोडून इतर गड्यांकडे पाहावयास शिकतो.

त्याला काय दिसते? राखण करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत गड्यास गडी नेमून दिलेला असतो. तो जाईल तेथे सावलीसारखे त्याच्या मागे जावयाचे. दुसऱ्या रीतीत प्रत्येकाला मैदानाचा एकेक भाग वाटून दिलेला असतो. त्या भागात जो येईल त्याला अडवावयाचे. दोन्ही रीतींत एक तत्त्व मात्र समान आहे. पाच जणांपैकी एकजण चुकला, तर शेजाऱ्याने आपली जागा सोडून त्याच्या मदतीस धावावे लागते. शेजाऱ्याची जागा तिसऱ्याने भरून काढावी लागते. ही साखळी एका क्षणात जुळली पाहिजे. एकजण जरी दमून कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तरी साखळी तुटते आणि चेंडू टोपलीत जातो. टोपली एकट्याच्या कौशल्याने साधता येते, राखण मात्र पाचांनी मिळूनच करावी लागते. लहान महाविद्यालयाच्या संघात उंचापुरे गडी थोडे आणि सरावाला वेळही थोडा. म्हणून त्यांची खरी कसोटी येथेच लागते.

ह्या अडचणीवर एका महाविद्यालयाने मोठा विलक्षण तोडगा काढला. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांनी वेढलेले ग्रिनेल नावाचे एक लहान गाव आहे. तेथील ग्रिनेल महाविद्यालय तिसऱ्या विभागात मोडते. १९८९ साली डेव्हिड आर्सेनो हे तेथील संघाचे मार्गदर्शक झाले. त्यापूर्वी अनेक वर्षे ह्या संघाच्या वाट्याला बहुतेक पराभवच आले होते. खेळाडूंना खेळण्यात आनंद उरला नव्हता, आणि राखीव गड्यांना तर नुसते बसून राहावे लागे. आर्सेनो ह्यांनी विचार केला की, राखण आपल्याला साधत नसेल तर तिचा हट्ट तरी का धरावा?

त्यांची योजना अशी होती. दूरच्या रेषेबाहेरून टोपली साधल्यास तीन गुण मिळतात, जवळून साधल्यास दोन. तेव्हा आपण शक्य तितके चेंडू दुरूनच फेकावेत. प्रतिपक्ष चेंडू घेऊन आला की त्याला मैदानभर सतावावे आणि चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न करावा. तो प्रयत्न फसलाच, तर त्याला खुशाल जवळून टोपली साधू द्यावी. म्हणजे चेंडू लवकर आपल्याकडे परत येईल. समजा, प्रतिपक्षाने दहांपैकी सहा वेळा जवळून टोपली साधली, तर त्याचे बारा गुण होतात. आपण दहांपैकी चारच वेळा, पण दुरून साधली, तरी आपलेही बारा गुण होतात. त्यात हिसकावलेल्या चेंडूंची भर पडली की आपले पारडे जड होते! ह्या धावपळीत कोणी दमून जाऊ नये म्हणून ते एक मिनिटही पुरते होण्याच्या आत पाचही गडी एकदम बदलीत. त्यामुळे पंधरा-वीस विद्यार्थ्यांना प्रत्येक सामन्यात खेळावयास मिळू लागले. १९९६ साली ह्या संघाने आपल्या गटाचे विजेतेपदही मिळविले.

ह्या रीतीची कीर्ती शिगेला पोहोचली ती २० नोव्हेंबर २०१२ रोजी. त्या दिवशी ग्रिनेलचा सामना फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज ह्या संस्थेच्या संघाशी होता. ग्रिनेलच्या जॅक टेलर ह्या खेळाडूने एकट्याने १३८ गुण मिळविले! ओहायो राज्यातील रिओ ग्रँड ह्या चिमुकल्या महाविद्यालयाच्या बेव्हो फ्रान्सिसने १९५४ साली एका सामन्यात ११३ गुण मिळविले होते. तो उच्चांक टेलरने मोडला. ग्रिनेलचा संघ १७९ विरुद्ध १०४ गुणांनी विजयी झाला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील वृत्तपत्रांत टेलरचे नाव झळकले.

परंतु त्याच सामन्याच्या गुणपत्रकात आणखी एक आकडा होता. पराभूत संघाच्या डेव्हिड लार्सन ह्या खेळाडूने ७० गुण मिळविले होते. एखाद्या खेळाडूने एका सामन्यात तीस गुण मिळविले तरी त्याचे कौतुक होते. येथे तर पराभूत संघातील एकाच गड्याने सत्तर मिळविले! १३८ हा आकडा पाहून सारे जग चकित झाले. ७० ह्या आकड्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. आमच्या त्या वृद्ध प्रेक्षकासारखा मनुष्य नेमका तेथेच थबकतो आणि विचारतो, "ह्या गड्यावर पहारा कोणाचा होता?"

हा प्रश्न निंदेचा नव्हे. आर्सेनो ह्यांनी राखण सोडली ती आळसाने नव्हे, हिशेब करून सोडली. तिच्या बदल्यात अनेकांना खेळण्याची संधी दिली आणि निरुत्साही संघात चैतन्य ओतले. हे त्यांचे श्रेय कोणीही नाकारू नये. तथापि दुबळ्याने बलवानाशी झुंजावे कसे, ह्या प्रश्नाचे हे एकच उत्तर नाही. दुसरे उत्तर प्रिन्स्टनच्या संघाने दिले.

प्रिन्स्टन हे विद्येच्या क्षेत्रातील नामांकित विद्यापीठ. परंतु तेही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. पीट कॅरिल हे तेथील मार्गदर्शक होते. १४ मार्च १९९६ रोजी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या संघाची गाठ लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी पडली. आदल्याच वर्षी ह्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले होते. उंची, बळ, चपळाई ह्यांत त्याच्यापुढे प्रिन्स्टनचा टिकाव लागणार नाही, असे सर्वांना वाटत होते. शेवटची सुमारे सहा मिनिटे उरली असता प्रिन्स्टन ३४ विरुद्ध ४१ असे मागे होते. परंतु त्यानंतर विजेत्यांना एकही गुण मिळाला नाही! प्रिन्स्टनने एकेक करीत नऊ गुणांची भर घातली. अखेरचे काही क्षण उरले असता त्यांचा एक गडी राखणदाराच्या पाठीमागून सफाईने आत शिरला, त्याने हाती आलेला चेंडू टोपलीत टाकला आणि सामना ४३ विरुद्ध ४१ असा जिंकला.

ती शेवटची टोपली आजही लोक आठवतात. तिची चित्रे पुन्हा पुन्हा दाखविली जातात. परंतु त्या आधीची सहा मिनिटे कोण आठवतो? त्या सहा मिनिटांत पाच मुले क्षणभरही न थांबता पावले टाकीत होती, एकमेकांच्या जागा भरून काढीत होती, धिप्पाड गड्यांपुढे हात उंचावून उभी होती. त्यांनी विजेत्यांची टोपली सहा मिनिटे कोरडी ठेवली, म्हणूनच त्या शेवटच्या टोपलीला मोल आले. ती राखण ढिली पडली असती, तर तीच सुंदर टोपली पराभवाच्या गुणपत्रकातील एक क्षुल्लक नोंद ठरली असती.

राखणीचे हेच दुर्दैव आहे. गुणपत्रकात कोणी किती टोपल्या साधल्या हे लिहिलेले असते. कोणी किती चेंडू हिसकावले, हेही लिहिलेले असते. परंतु एखादा गडी योग्य क्षणी योग्य जागी उभा राहिला, म्हणून प्रतिपक्षाने चेंडू फेकण्याचा विचारच सोडून दिला, तर त्याची नोंद कोठे करावयाची? जे घडलेच नाही, त्याला रकाना नसतो. संसारातही असेच आहे. रात्रभर बांधावर जागून पुराचे पाणी गावात शिरू न देणाऱ्याचे नाव सकाळी कोणाला ठाऊक असते? गाव सुखरूप असते, एवढेच.

म्हणूनच लहान महाविद्यालयाच्या क्रीडागृहातील तो वृद्ध प्रेक्षक महत्त्वाचा आहे. सामना संपतो. त्याचा संघ कदाचित पुन्हा हरलेला असतो. सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या खेळाडूभोवती मित्रांची गर्दी होते. म्हातारा मात्र दाराशी थांबून राहतो. घामाने निथळणारा, गुडघा खरचटलेला एक मुलगा मान खाली घालून बाहेर पडतो. त्याच्या नावावर त्या दिवशी दोनच गुण असतात. म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "दुसऱ्या डावात त्यांच्या त्या उंच गड्याला तू टोपलीजवळ फिरकूसुद्धा दिले नाहीस. मी पाहिले."

मुलगा मान वर करतो. संघ हरलेलाच असतो. गुणपत्रकातील एकही आकडा बदललेला नसतो. परंतु आपले काम कोणीतरी पाहिले, एवढ्यानेच उद्याच्या सरावाला येण्याचे बळ त्याला मिळालेले असते.

शब्दार्थ

विवंचना – काळजी, चिंता. धसमुसळेपणा – आडदांडपणा. नैपुण्य – कौशल्य, प्रावीण्य. अंतर न देणे – साथ न सोडणे. तोडगा – अडचणीवरील उपाय. पारडे जड होणे – वरचढ ठरणे. शिगेला पोहोचणे – कळस गाठणे. निथळणे – ठिबकत राहणे.

स्वाध्याय

१. बास्केटबॉलमध्ये राखण करणे हुतूतूपेक्षा अवघड का ठरते?
२. ग्रिनेलच्या मार्गदर्शकांनी कोणता हिशेब केला? त्यापासून खेळाडूंना कोणता लाभ झाला?
३. 'जे घडलेच नाही, त्याला रकाना नसतो' ह्या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. १३८ आणि ७० ह्या दोन आकड्यांपैकी वृद्ध प्रेक्षक कोणत्या आकड्यापाशी थांबतो? का?
५. तुमच्या घरात, शाळेत किंवा गावात कोणाच्याही नजरेस न येणारे काम करणाऱ्या एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.