जुन्या मोटारसायकलीचा वाढता कंप व त्याची परीक्षा

मनुष्यास ताप आला असतां सुज्ञ वैद्य केवळ ताप उतरविण्याचें औषध देऊन थांबत नाहीं. तो तापाचें मूळ शोधितो. यंत्राच्या बाबतींतही हाच न्याय लागू आहे. जुनी मोटारसायकल पूर्वीपेक्षां अधिक थरथरूं लागली, कीं कित्येक लोक हँडलाच्या मुठींस जाड रबर चढवितात आणि स्वस्थ बसतात. परंतु थरथर हें रोगाचें लक्षण होय, रोग नव्हे. लक्षण झांकल्यानें रोग जात नाहीं. तो आंतल्या आंत वाढतो, आणि एखादे दिवशीं सैल बोल्ट गळून अथवा चौकटीस तडा जाऊन स्वाराच्या जिवावर बेततें. म्हणून या लक्षणाची परीक्षा क्रमानें कशी करावी, तें येथें पाहूं.

उदाहरणादाखल आपल्या रस्त्यांवर सर्वपरिचित अशी जुनी ‘बुलेट’ घेऊं. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली, आणि मूळची इंग्लंडांतील ही गाडी भारतांत तयार होऊं लागली. तिच्या जुन्या ३५० जातीच्या इंजिनांत एकच सिलिंडर असून त्याचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची धांव ९० मिलिमीटर आहे. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां क्रँक सेकंदास ५० वेळां फिरतो, व तितक्याच वेळां पिस्टन वर जाऊन खालीं येतो. प्रत्येक टोकास त्याला थांबून उलट दिशेस वळावें लागतें. वरच्या टोकापाशीं त्याचें त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साडेचारशे पटींहून अधिक असतें. क्रँक ज्या बलानें पिस्टनास मागें खेंचतो, तितक्याच बलानें पिस्टन इंजिनास उलट ढकलितो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

हा धक्का तोलण्यासाठीं क्रँकवर प्रतिभार ठेवितात. पण पिस्टन सरळ रेषेंत हालतो व प्रतिभार वर्तुळांत फिरतो. यामुळें उभा धक्का पुरता तोलूं गेल्यास तितकाच आडवा धक्का उत्पन्न होतो. म्हणून निर्माते मध्यम मार्ग पत्करितात. शिवाय फेरे दुप्पट झाले, कीं हें बल चौपट होतें. तात्पर्य, अशा इंजिनांत थोडा कंप हा स्वभावसिद्ध आहे. आपण शोध करावयाचा तो वाढलेल्या कंपाचा.

प्रथम विचारपूस करावी. कंप केव्हांपासून वाढला? हळूहळू कीं एकाएकीं? त्यापूर्वीं कोणती दुरुस्ती झाली होती? एकाएकीं वाढलेला कंप बहुधा कांहीं सुटल्याचें वा तुटल्याचें सुचवितो. हळूहळू वाढलेला, झिजेचें.

नंतर कंप इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो कीं चाकांच्या वेगाबरोबर, तें ठरवावें. परवानाधारक वडील माणसानें मोकळ्या, सरळ रस्त्यावर ज्या वेगांत कंप जाणवतो तो वेग धरावा, आणि क्लच दाबून इंजिन मंद करावें. गाडी धांवत असतां कंप तसाच राहिला, तर दोष चाकांत, टायरांत किंवा मागील साखळींत शोधावा. कंप लगेच गेला, तर पुढची परीक्षा करावी: गाडी उभी करून, गिअर सोडवून, इंजिनास तितकेच फेरे द्यावे. उभ्या गाडींतही कंप आला, तर दोष इंजिनांत किंवा त्याच्या बांधणींत आहे. तो केवळ ओढ पडली असतांच येत असेल, तर साखळ्या, क्लच, तसेंच ओढीखालीं बिघडणारें ज्वलन व हलणारी बांधणी यांवर संशय घ्यावा.

यापुढें सोप्याकडून कठिणाकडे जावें. इंजिन थंड झाल्यावर त्यास चौकटीशीं धरणारे सर्व बोल्ट पान्यानें तपासावे. सिलिंडरच्या माथ्यास चौकटीशीं जोडणारी लहानशी पट्टी अनेकांच्या दृष्टीस पडत नाहीं. ती सैल झाली, तरी सारी गाडी थरथरते. सायलेन्सर व फूटरेस्ट यांचे बोल्टही पाहावे. बोल्टाभोंवतीं तांबूस भुकटी दिसल्यास तेथें दोन भाग एकमेकांवर घासत आहेत असें समजावें. चौकटीच्या सांध्यांवरील मळ पुसून बारीक तडा शोधावा. तडा आढळल्यास गाडी मुळींच चालवूं नये.

मागील साखळी पाहतांना इंजिन बंद ठेवून चाक हातानें सावकाश फिरवावें. साखळी एके ठिकाणीं ताणलेली व दुसरीकडे सैल आढळली, तर ती असमान झिजली आहे. चाकाच्या हबमधील रबरें झिजलीं असल्यास ओढ झटक्याझटक्यानें पोहोंचते.

मग ठिणगीकडे वळावें. ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टन वर येत असतांनाच वायूचा दाब अति वाढतो व इंजिन ठोके देतें. कार्ब्युरेटरच्या जोडांतून हवा शिरल्यास मिश्रण पातळ होऊन स्फोट अनियमित होतात. प्लग, पॉइंटमधील अंतर व ठिणगीची वेळ हीं निर्मात्याच्या पुस्तकाबरहुकूम ठेवावीं.

एवढें करूनही कंप राहिला, तरच इंजिन उघडण्याचा विचार करावा. कनेक्टिंग रॉडचें खालचें बेअरिंग झिजल्यास खोल आवाजाचा ठोका ऐकूं येतो. पिस्टन बदलल्यानंतर कंप वाढला असेल, तर नव्या पिस्टनचें वजन जुन्याशीं ताडून पाहावें. वजन बदललें कीं तोलही बदलतो. क्रँकची जुळणी करतांना दोन्ही फ्लायव्हील एका रेषेंत न बसल्यासही असाच त्रास होतो. हें काम कुशल मिस्त्रीचें आहे.

मुख्य नियम हा, कीं एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत लिहावा, व पुन्हां परीक्षा घ्यावी. चार गोष्टी एकदम बदलून कंप गेला, तर कारण कोणतें होतें तें कधींच कळत नाहीं, आणि तीन दुरुस्त्यांचा पैसा व्यर्थ जातो. ज्या घराची रोजची मिळकत एका जुन्या गाडीवर अवलंबून आहे, तेथें हा लहानसा नियम मोठ्या मोलाचा आहे. विद्यार्थ्यांनीं परवाना मिळेपर्यंत गाडी चालवूं नये. पण पाना व वही घेऊन वडिलांच्या शेजारीं बसण्यास परवाना लागत नाहीं. प्रयोगशाळेंत शिकलेली पद्धति अंगणांतील गाडीवर वापरतां आली, तरच ती खरी आपली झाली.