फोर्कलिफ्टची दैनंदिन सुरक्षा तपासणी

वेर्णा, कुंकळ्ळी, पिसुर्ले आदी औद्योगिक वसाहतींत आसपासच्या गावांतील अनेक तरुण काम करतात. तेथील गोदामांत माल उचलण्यासाठी व रचण्यासाठी फोर्कलिफ्ट हे यंत्र वापरले जाते. त्याची रोजची तपासणी कशी करावी, हे चालकांप्रमाणेच पर्यवेक्षकांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

फोर्कलिफ्टच्या काट्यांवरील मालाला मागील बाजूचा जड प्रतिभार तोलून धरतो. पुढची दोन चाके व मागील आसाचा मध्य या तीन बिंदूंच्या त्रिकोणात यंत्र व माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य असेल, तोवरच यंत्र स्थिर राहते. म्हणून टायरमधील कमी हवेसारखा किरकोळ वाटणारा दोषही यंत्र उलटण्यास कारण होऊ शकतो.

यंत्र सुरू करण्यापूर्वी : काटे जमिनीला टेकवून, हातब्रेक लावून व किल्ली काढून पुढील बाबी पाहाव्यात.

(१) भारक्षमतेची पाटी वाचता येते काय? पाटीवरील क्षमता ठराविक अंतरासाठी, बहुधा ५०० मिलिमीटरसाठी, असते. मालाचा मध्य त्याहून पुढे गेल्यास क्षमता घटते.

(२) काट्यांना, विशेषतः वळणाच्या जागी, तडा आहे काय? मूळ ४० मिलिमीटर जाडीचा काटा झिजून ३६ मिलिमीटर झाला, तर त्याची ताकद सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. असा काटा बदललाच पाहिजे.

(३) दोन्ही साखळ्यांचा ताण सारखा आहे काय? गंज किंवा तुटकी कडी दिसते काय? मात्र मास्टच्या सांगाड्यात हात घालू नये.

(४) हायड्रॉलिक तेल गळते काय? नळी हाताने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरून गंभीर इजा करते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

(५) टायर, चाकांचे नट, डोक्यावरील संरक्षक छत व आसनपट्टा सुस्थितीत आहेत काय? यंत्र बॅटरीवर चालणारे असल्यास चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निर्माण होऊ शकतो. म्हणून ती जागा हवेशीर असावी व तेथे विडी-काडी पेटवू नये.

सुरू केल्यानंतर : ब्रेक, स्टिअरिंग, भोंगा व दिवे तपासावेत. वर तारा किंवा तुळई नाही याची खात्री करून रिकामे काटे पूर्ण उंचीपर्यंत नेऊन खाली आणावेत. ते अडखळल्यास किंवा आपोआप घसरू लागल्यास यंत्र वापरू नये.

तपासणीची नोंद वहीत करावयाची असते. परंतु यंत्राकडे न पाहता केलेली खूण ही नोंद नसल्यापेक्षाही घातक होय, कारण पुढचा माणूस तिच्यावर विसंबतो. दोष आढळताच किल्ली काढून पर्यवेक्षकाच्या स्वाधीन करावी, यंत्रावर ‘वापरू नये’ अशी पाटी लावावी आणि दुरुस्ती जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी. दारात ट्रक खोळंबला आहे, या सबबीखाली चालकावर दडपण आणणे पर्यवेक्षकास शोभत नाही. यंत्र थांबविण्याचा चालकाचा अधिकार मान्य झाला, तरच तपासणीला अर्थ राहतो.

सक्षम व्यक्तीकडून ठराविक मुदतीने होणारी तपासणी आवश्यक आहेच, परंतु ती रोजच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. एकच यंत्र अनेक पाळ्यांत चालत असेल, तर प्रत्येक पाळीच्या चालकाने ते नव्याने तपासावे.